शजऱ्यातली बिन्ते अब्दुल्लाह

माझ्या खालाची मुलगी टोरंटोला असते. गेल्या वर्षी तिनं गालाच्या आतून काडी फिरवून ती एका कंपनीकडे पाठवली आणि महिन्या-दीड महिन्यात तिला नातेवाइकांची एक लांबलचक यादी मिळाली. यादीतली बहुतेक नावं शेख, पठाण, सय्यद. आता मला सांगा, शेख आडनावाच्या माणसाचा शोध कुठून सुरू करायचा? आमच्या शाळेत एकाच वर्गात अकरा शेख आहेत आणि त्यातले कुणीच एकमेकांचे कुणी लागत नाहीत. ती वैतागली. मग तिनं त्याच वेबसाइटवरचं एक बटण दाबलं आणि यादीचं एक रंगीबेरंगी चित्र झालं. ते चित्र तिनं मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, "आपा, तू मास्तरीण आहेस, हे मला समजावून सांग."

समजून घ्यायला मला आठवडा लागला. आता थोडंफार समजलं आहे, म्हणून लिहिते. कारण आपल्याकडेही, विशेषतः ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा घरांत, या चाचण्यांचं वेड येऊ लागलं आहे आणि त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांची घाई मला बरी वाटत नाही.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही अनोळखी म्हणून शिरलात अशी कल्पना करा. कोण कुणाचं, तुम्हाला काही माहीत नाही. पण तुम्ही एका कोपऱ्यात बसून फक्त एवढंच टिपत राहिलात की कोण कुणाशी ओळखीनं बोलतं. तासाभरात तुमच्या लक्षात येईल की खिडकीजवळचा घोळका आपापसांत बोलतो, बिर्याणीच्या देगांजवळचा दुसरा घोळका आपापसांत, आणि दोन-चार माणसं दोन्हीकडे ये-जा करतात. पहिले नवरीच्या आईकडचे, दुसरे बापाकडचे, ये-जा करणारे मधले. एकाचंही नाव न विचारता तुम्ही घराण्याच्या फांद्या वेगळ्या केल्यात.

क्लस्टरिंग म्हणजे नेमकं हेच. तुमच्याशी डीएनए जुळणाऱ्या माणसांची यादी यंत्र आडवी लिहितं, तीच यादी उभी लिहितं. यादीतली दोन माणसं एकमेकांशीही जुळत असतील तर त्या दोघांच्या छेदावरचं घर रंगवतं. मग नावांचा क्रम हलवत हलवत रंगवलेली घरं शेजारी-शेजारी आणतं. तिरक्या रेषेवर रंगीत चौकोन उभे राहतात. प्रत्येक चौकोन म्हणजे बहुधा एका पूर्वजाची, किंवा एका जोडप्याची, संतती. आणि काही घरं राखाडी राहतात, ती त्या ये-जा करणाऱ्यांची.

ही कल्पना मुळात हातानं करायची होती. डेना लीड्स नावाच्या एका अमेरिकन बाईंनी २०१८ मध्ये ती मांडली: साधारण ९० ते ४०० सेंटिमॉर्गन जुळणारी माणसं घ्या, तक्त्यात रंग भरा, चार रंग निघतील, ते तुमचे चार आजी-आजोबा. त्याच वर्षाच्या अखेरीस एव्हर्ट-यान ब्लोम यांनी 'जेनेटिक अफेअर्स' या आपल्या संकेतस्थळावर हेच काम आपोआप करणारं साधन आणलं आणि २०१९ च्या सुरुवातीला मायहेरिटेजनं ते आपल्या वेबसाइटवर घेतलं. सेंटिमॉर्गन हे जुळणाऱ्या डीएनएचं माप. ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून आकडे गोळा करून सरासरी काढली आहे: सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांत सुमारे ८६६, त्यांच्या मुलांमुलांत २२९, त्यांच्याही पुढच्या पिढीत ७३. त्या तिसऱ्या पायरीवर तर काही जोड्यांत शून्यही निघतं. म्हणजे नातं खरं, पण डीएनएत त्याची खूण नाही.

आता आमचं चित्र. त्यात चार रंग निघाले नाहीत. एक भला मोठा हिरवा चौकोन निघाला, बत्तीस माणसांचा, आणि कोपऱ्यात सहा माणसांचा एक छोटा केशरी. रंग यंत्र आपल्या मर्जीनं देतं, त्याला आपले झेंडे माहीत नाहीत. बहीण आधी खूप हसली. मग हसायची थांबली, कारण त्या सहा जणांची आडनावं सगळी मराठी हिंदू होती.

हिरव्या चौकोनाचं कोडं सोपं आहे. आमचे नाना म्हणजे नानीच्या फुफीचा मुलगा. खालाचे यजमानही घरातलेच. जिचे आईबाप आपसांत सख्खी आते-मामे भावंडं, तिला आठ पणजोबा-पणज्यांऐवजी सहाच असतात, दोघं दोनदा मोजली जातात. अशा घरातल्या लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही कोपऱ्यात बसलात तर सगळेच सगळ्यांशी बोलताना दिसतील. घोळके पडणारच नाहीत. लीड्सबाईंची पद्धत ज्या घरांसाठी बनली तिथं चारही आजी-आजोबा चार दिशांनी आलेले असतात. आपल्याकडे ते एकाच मोहल्ल्यातून आलेले असतात.

यावर लगेच "तुम्ही मुसलमान बहिणींशी लग्न करता" हे ऐकावं लागतं, म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकते. आमच्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात, इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत कशी मान्य आहे, हे त्यात सविस्तर आहे. आमच्यात चुलत-मावसही चालतात, एवढा फरक. आणि बहिणीशी लग्न न करताही जातीतच लग्न केलं, की शे-दोनशे वर्षांत परिणाम तोच होतो. २०१७ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास आला होता. त्यात ८१ समूह असे निघाले की त्यांच्यातली मूळ संख्या आकसल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. थोडक्यात, हे यंत्र जातीच्या देशात आलं की गोंधळतं. दोन अनोळखी माणसं पंचवीस-तीस सेंटिमॉर्गन जुळतात आणि यंत्र लिहितं, तिसरं ते पाचवं कझिन.

हा 'कझिन' शब्दही बघा. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर दोन रांगा काढते. उर्दूत चचाज़ाद, फुफीज़ाद, मामूज़ाद, ख़ालाज़ाद; मराठीत चुलत, आते, मामे, मावस. दोन्ही भाषांतल्या पोरांना ते पाठ असतं, कारण त्यांच्या घरात कुणाला सलाम आधी करायचा, कुणाची चेष्टा करायची, कुणाशी लग्न जमू शकतं हे त्या शब्दांवर ठरतं. यंत्र ज्या भाषेत विचार करतं तिच्याकडे या सगळ्यांसाठी एकच शब्द आहे. माझ्या नानीकडे अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणी ही बत्तीस नावं नेली असती तर तिनं तांदूळ निवडता निवडता त्यांची वाटणी करून दिली असती.

मग केशरी चौकोन कसला?

इथं मात्र यंत्रानं आमच्यावर उपकार केले. त्या सहा जणांशी आमच्या हिरव्यातली दोनच माणसं राखाडी घरांनी जोडलेली होती. एक दुबईचा, एक लेस्टरची. दोघंही नानीच्या भावा-बहिणीची नातवंडं. नानांच्या भावाचा नातूही त्याच हिरव्या चौकोनात आहे, त्याचं एकही घर केशरीला लागत नाही. नाना हे नानीच्या वडलांच्या बाजूचे. म्हणजे ही वाट नानीच्या वडलांकडून आलेली नसावी. ती नानीच्या आईकडून, आमच्या पणजीकडून आली.

पणजीबद्दल नानी एकच वाक्य बोलायची: "अम्मा दुष्काळात आली." कुठून, कशी, कुणाबरोबर, काही नाही. वाक्य संपलं की सूप पुढं ओढायची. पुणे, नगर, सोलापूर या भागांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले, त्यात १८९७ मध्ये पुण्यात प्लेग. किती पोरं रस्त्यावर आली, कुणी मिशनमध्ये गेली, कुणाला वाटेतल्या घरानं ठेवून घेतलं. पणजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल.

नानांच्या चुलत्यांनी घराण्याचा शजरा उर्दूत लिहून ठेवलेला आहे. मोठ्या कागदावर, सुंदर नस्तालीकमध्ये. वर एक अरबी बुजुर्ग आहेत, जसे ते सगळ्यांच्याच शजऱ्यात असतात. बायका फक्त अमक्याची ज़ौजा, तमक्याची बिन्त म्हणून येतात, पण बापाचं नाव आणि गाव बहुतेकींच्या पुढं आहे. पणजीच्या पुढं एवढंच आहे: बिन्ते अब्दुल्लाह. गाव नाही, मरहूम नाही. मी हा कागद वीस वर्षं बघत आले आणि अब्दुल्लाह नावाचे कुणी गृहस्थ होते असंच समजत आले. उर्दू शिकवणारीनं असं समजावं याची आता मला लाज वाटते. उस्मानी तुर्कांच्या दफ्तरांत नव्यानं मुसलमान झालेल्यांच्या बापाचं नाव सरसकट अब्दुल्लाह लिहिलेलं सापडतं. अब्दुल्लाह म्हणजे अल्लाहचा बंदा, ते कुणाच्याही बापाला लागू पडतं. आमच्या चुलत नानांनी खोटं काही लिहिलं नाही. सगळ्यांच्या देखत, सुंदर अक्षरात, त्यांनी लिहूनही ठेवलं आणि झाकूनही ठेवलं.

काही नातेवाईक आता म्हणतात की हे आधीपासून दिसतच होतं, पणजी जात्यावर ओव्या म्हणायची. हा पुरावा अजिबात नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या मुसलमान बायका जात्यावर ओव्याच म्हणत होत्या. दुसरं काय म्हणणार? मराठी मुसलमानाच्या घरात मराठी काही सापडलं की तो लगेच मागच्या धर्माचा अवशेष, ही सवय आपणच सोडायला हवी.

आणि त्या सहा जणांचंही जपूनच धरलं पाहिजे. त्यांचे आकडे २८ ते ४६ सेंटिमॉर्गनच्या मधले. ते बहुधा एका जातीतले आहेत, म्हणून आपसांत जुळणारच. त्यांचा चौकोन घट्ट दिसतो त्याचा काही भाग तेवढ्यामुळे. खरा प्रश्न असा की आमचं जुळणं एका लांब तुकड्यात आहे की सात-आठ सेंटिमॉर्गनच्या चिंध्यांत. लांब तुकडा असेल तर पूर्वज जवळचा, चिंध्या असतील तर नातं दहा पिढ्या मागचंही असू शकतं. रंगीत चित्र हे सांगत नाही, त्यासाठी मागचा तक्ता उघडावा लागतो. बहिणीनं तो उघडायच्या आधीच खानदानाच्या ग्रुपवर चित्र टाकलं होतं.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला कल्पनेनंही कळेल. एका मामूंनी विचारलं, आपण किती टक्के अरब आहोत ते आधी सांग. दुसऱ्यानं लिहिलं की हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे. एका भाच्यानं उलट टोक गाठलं, "आपण सगळे इथलेच, आता तरी मान्य करा." खाला काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी मला फोन करून म्हणाली, "माझ्या आजीला पुन्हा कुणाच्या दारात उभं करू नका."

अरब टक्क्यांचं उत्तर तर केव्हाच आलेलं आहे. २०१० मध्ये भारतातल्या सहा मुस्लिम समूहांच्या डीएनएचा अभ्यास 'युरोपियन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स'मध्ये आला. मुसलमान बहुतांशी आपापल्या शेजाऱ्यांसारखेच आहेत, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या थोड्याशा खुणा आहेत, असा त्याचा अर्थ. मला यात धक्का बसण्यासारखं काही दिसत नाही. शिकलगार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मुलाणी ही आडनावं काही बगदादहून आलेली नाहीत. पण आमच्यातल्या अशराफ म्हणवणाऱ्यांना ते बोचतं, कारण त्यांची सगळी ऐट शजऱ्याच्या वरच्या टोकावर उभी आहे. आणि बाहेरच्या काहींना ते फार गोड लागतं, कारण 'मूळचे आमचेच' म्हटलं की पुढचं वाक्य 'मग परत या' हेच असतं. पणजीच्या थुंकीतून, म्हणजे तिच्या पणतीच्या थुंकीतून, या दोघांपैकी कुणालाही काही मिळू नये असं मला वाटतं. ती नऊ वर्षांची भुकेली पोर होती. जिथं भाकरी मिळाली तिथं राहिली, पुढं सहा पोरं काढली, नमाज पढली, मेली. तिचा धर्म तिच्या गुणसूत्रांत लिहिलेला नव्हता, आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही.

खालाच्या बोलण्यात मात्र मला भीती ऐकू आली आणि ती खोटी नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या अमेरिकन कंपनीची माहिती फुटली. चोर शिरले सुमारे चौदा हजार खात्यांत, पण नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीतून बाहेर पडली ६९ लाख माणसांची माहिती. एकाचं दार उघडं राहिलं आणि शेकडो नातेवाइकांची घरं दिसली. त्यातही चोरांनी विकायला आधी काय काढलं? ज्यू लोकांची वेगळी यादी. पुढं मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांच्या डीएनएचं काय होणार हा प्रश्न कोर्टात गेला. समाजाप्रमाणे केलेली यादी म्हणजे काय, हे पुण्यातल्या मुसलमानाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या देशात डीएनएच्या वापरासंबंधीचं जे विधेयक होतं, तेही जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागं घेतलं गेलं.

तरीही ही साधनं वापरूच नयेत असं मी म्हणणार नाही. पुण्यातल्या संस्थांतून सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशात दत्तक गेलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. अरुण डोहले १९७३ साली पुण्यात जन्मले, जर्मनीत वाढले. आपल्या आईचं नाव असलेले कागद बघायला मिळावेत म्हणून ते अनेक वर्षं इथल्या कोर्टांत झगडले आणि अखेर आईला भेटले. डीएनएनं नाही, कागदांनी आणि पायपिटीनं. कारण त्या याद्यांत भारतातले लोक अजून फार थोडे आहेत. पण ज्याच्याकडे एकही कागद नाही, शजरा नाही, सूप पुढं ओढणारी नानीही नाही, त्याला चार रंगीत चौकोन मिळाले तर ते त्याच्याकडून मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ? मात्र आपल्या दत्तक नियमावलीत मूळ शोधाच्या हक्काबरोबरच जन्मदात्यांच्या खासगीपणाचीही नोंद आहे, आणि तो तोल मला बरोबर वाटतो. शोधणाऱ्याला हक्क आहे, सापडणाऱ्यालाही आहे.

आमच्या बाबतीत शेवटी मी मसुदा लिहून दिला. बहिणीला त्या सहाही जणांना एकदम लिहायचं होतं, 'आपण एका रक्ताचे' वगैरे. मी म्हटलं, एकालाच लिही, आणि एवढंच विचार की १९०० च्या सुमाराला तुमचं घराणं कोणत्या तालुक्यात होतं आणि दुष्काळात कुणी मुलगी हरवल्याची गोष्ट घरात कुणी सांगतं का. खाली आपलं पूर्ण नाव लिही, लपवू नकोस. खालालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहा. पण त्यांनी नको म्हटलं तर नको."

चार दिवसांनी उत्तर आलं, न्यू जर्सीहून, चांगल्या मराठीत. श्रीगोंद्याकडचे आम्ही, आजोबांच्या मागचं काही ठाऊक नाही, आईला विचारून कळवते. पुढच्या आठवड्यात बहिणीनं पाहिलं तर ते नाव यादीतच नव्हतं. तिनं आपली जुळणी बंद करून टाकली होती. सहाचे पाच झाले. बहिणीला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण त्या बाईच्या घरातही एखादा फॅमिली ग्रुप असेल, एखादे काका असतील, एखादी खाला असेल. तिला मी दोष देत नाही.

बाकीच्या पाच जणांना लिहायचं का, हे बहीण दर आठवड्याला विचारते. मी तिच्याकडून आधी तुकड्यांचा तक्ता मागवला आहे. आणि येत्या रविवारी कोंढव्याला खालाकडे जाणार आहे, शजऱ्याची झेरॉक्स घेऊन. नानी कधी श्रीगोंद्याचं नाव घ्यायची का, एवढं एकच विचारायचं आहे. फोनवर विचारलं तर ती विषय बदलते. समोर बसलं, तांदळाचं ताट दोघींच्या मध्ये ठेवलं, की कधीकधी बोलते.